चुकलेलं माप मागे घेणारे हर्डीकरसर

हर्डीकरसरांच्या पंच्याहत्तरीनिमित्त जर्मनीतल्या आखनच्या मराठी मंडळानं हा गौरवग्रंथ काढायचं ठरवलं, तेव्हा संपादकांचा मला फोन आला. "तू सरांची जुनी विद्यार्थिनी. पहिली भेट, कार्य, स्वभाव, असं रीतसर लिही. आणि जरा आटोपशीर." आटोपशीरपणा माझ्या स्वभावात नाही, हे मंडळातलं कुणीही सांगेल. पण रीतसर मात्र लिहिणार आहे, कारण सरांच्या बाबतीत गबाळेपणा केला तर तो त्यांना लांबूनही दिसतो. म्हणून पहिल्या भेटीपासूनच सुरुवात करते.

श्री. दिनकर हर्डीकर मूळचे इचलकरंजीचे. वडिलांचं लेथचं छोटं वर्कशॉप होतं, यंत्रमागांचे सुटे भाग करायचं. तिथून इंजिनिअर होऊन सर डॉक्टरेटसाठी आखनला आले आणि इथलेच झाले. मी पुण्याहून मास्टर्स करायला आले तेव्हा ते इथल्या एका मापन प्रयोगशाळेचे प्रमुख होते. कारखान्यांची मोजमापाची साधनं बरोबर आहेत की नाहीत, हे तपासून देणं हे त्या प्रयोगशाळेचं काम. मला तिथे अर्धवेळ नोकरी मिळाली होती. पहिल्या दिवशी मोठ्या उत्साहानं मी टेबलावरचा गेज ब्लॉक, म्हणजे मापाचा पोलादी ठोकळा, उचलला आणि उलटसुलट करून पाहू लागले.

"सावंतबाई, ठेवा ते खाली," मागून आवाज आला. सर विद्यार्थिनींना आडनावापुढे बाई लावतात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. वळून पाहिलं तर एक उंच, शिडशिडीत गृहस्थ उभे. "तुमच्या हाताच्या उबेनं तो वाढला. आता तो निवेपर्यंत आपल्याला काम नाही. जेवलात का?"

मी जेवले नव्हते. खरं तर येऊन आठवडा झाला तरी ब्रेड आणि केळी यापलीकडे माझी मजल गेली नव्हती. सरांनी डबा उघडला. त्यात थालीपीठ होतं आणि त्यावर लोण्याचा गोळा. मी लाजत लाजत अर्धं खाल्लं आणि विचारलं, वहिनींनी केलंय का? सर म्हणाले, "घरून आलंय." एवढंच बोलून ते पुन्हा पोलादाकडे वळले. तो ब्लॉक निवला, मला हातमोजे मिळाले आणि माझं शिक्षण सुरू झालं.

घरून म्हणजे कुठून, हे मला पुढच्या महिन्यात कळलं. सरांनी आम्हा चार नव्या विद्यार्थ्यांना रविवारी जेवायला बोलावलं. दार उघडलं ते पांढऱ्या दाढीच्या एका जर्मन गृहस्थांनी. कमरेला एप्रन, हातात उलथनं. त्यांनी आम्हाला "या, या, चपला इथे" असं स्वच्छ मराठीत सांगितलं आणि आत तोंड करून हाक मारली, "अहो, मुलं आली."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आपल्याकडे घरात "अहो" कोण कुणाला म्हणतं, हे कुणाला शिकवावं लागत नाही. आतून सर पंचा खांद्यावर टाकून आले, "आलो, आलो," म्हणत. जेवायला बसेपर्यंत आम्हाला सगळं समजलं होतं, आणि कुणी काही समजावूनही दिलं नव्हतं.

हे कार्लकाका. या लेखात ते वारंवार येणार. सरांवर लिहायचं आणि त्यांना वगळायचं, हे मला जमणार नाही. त्या "अहो"ची हकीकत त्यांनीच मला पुढे सांगितली. सरांचे थोरले भाऊ आणि वहिनी एकदा आईंना घेऊन आखनला राहायला आले होते. वहिनी दिवसभर भावांना "अहो" म्हणायच्या. कार्लकाकांनी ते ऐकलं आणि मनाशी ठरवलं की घरातल्या आपल्या माणसाला हाक मारायची हीच रीत. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातून त्यांनी सरांना तशी हाक मारली. वहिनींच्या हातातली वाटी तशीच राहिली. भाऊ वर्तमानपत्रात डोकं खुपसून बसले. आई मात्र भाजी निवडत होत्या, त्या मान वर न करता म्हणाल्या, "दिनू, त्याला म्हणावं, ओ जरा लांबव. एवढ्यानं पलीकडच्या खोलीत ऐकू जायचं नाही." सर सांगतात, आईंनी या विषयावर पुढे कधी चकार शब्द काढला नाही, आणि दिवाळीचा फराळ पाठवताना कार्लकाकांचा डबा वेगळा बांधायला लागल्या.

मी एकदा धीर करून सरांना विचारलं होतं, की ते तुम्हाला अहो म्हणतात, मग तुम्ही त्यांना अरेतुरे का करता. सर म्हणाले, "आल्झो, म्हणजे असं बघा, एका घरात दोन अहो झाले तर चहा करायला उठायचं कोणी?"

आता कार्याविषयी. सरांचे शोधनिबंध, मानसन्मान वगैरे या ग्रंथात इतरत्र आलेच आहेत. मी एकच प्रसंग सांगते, कारण माझ्या मते सरांचं सगळं कार्य त्यात आहे, आणि पुढच्या हकीकतीलाही तो लागणार आहे.

माझ्या दुसऱ्या वर्षी प्रयोगशाळेतली एक मास्टर रिंग, जिच्याशी बाकीची मापं ताडून पाहतात ती कडी, चुकीची निघाली. चूक केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी, पण आमच्या धंद्यात तीही पुष्कळ होते. रिंग बाजूला काढली, नवी आणली. वरचे साहेब म्हणाले, झालं, विषय संपला. सर म्हणाले, "रिंग बदलली, ठीक. पण या रिंगवर विसंबून आपण जे जे नापास केलं, त्यांना कोण सांगणार?" साहेबांनी समजावलं, की जुनी गोष्ट आहे, कुणाची तक्रार नाही, आपणच कशाला बोभाटा करायचा. सर ऐकून घेतात सगळं. मग जे करायचं तेच करतात. त्यांनी आम्हाला कपाटं उपसायला लावली आणि त्या रिंगनं मोजलेल्या प्रत्येक कामाच्या मालकाला स्वतः फोन केला.

त्यात बेल्जियमच्या सीमेजवळचा एक छोटा कारखाना होता. त्यांचे शाफ्ट आम्ही नापास ठरवले होते. फोनवर मालक म्हणाले, ते शाफ्ट कधीच भंगारात गेले, आणि ज्या टर्नरनं केले होते त्यालाही मी तेव्हा काढून टाकलं. सरांनी विचारलं, त्या माणसाचा पत्ता आहे का?

शनिवारी आम्ही गेलो. सर गाडी चालवत नाहीत. त्यांचं सगळं आयुष्य सायकल आणि बसवर गेलं, त्यामुळे कार्लकाकांनी गाडी काढली. मी मागे बसले होते. टर्नर एका गावात रस्त्यालगतच्या तळमजल्यावर राहत होता, कार्लकाका समोर गाडीतच थांबले. साठीचा, जाडजूड, दार अर्धंच उघडून उभा. सर उंबऱ्याबाहेरच उभे राहिले आणि म्हणाले, "तुमचे शाफ्ट बरोबर होते. आमचं गेज चुकलं होतं. हे सांगायला आलो."

त्या माणसानं दार पूर्ण उघडलं. मग म्हणाला, "ते मला माहीत होतं." आम्ही निघायला वळलो तसा त्यानं थांबवलं. "पुन्हा एकदा सांगा. जरा मोठ्यानं. माझी बायको स्वयंपाकघरात आहे."

सरांनी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. आतून भांड्यांचा आवाज येत होता तो थांबला. परतताना कार्लकाकांनी एक वळण चुकवलं, जे ते कधी चुकवत नाहीत.

सरांच्या घरगुती चांगुलपणाबद्दल लिहायचं तर मला पानं पुरणार नाहीत. नवीन आलेल्या पोरांना खोली मिळेपर्यंत सोफ्यावर झोपवणं, रहिवासाच्या नोंदणीला बरोबर जाणं, परीक्षेत आपटलेल्यांना भात-आमटी घालून पुन्हा अभ्यासाला बसवणं, हे सगळं इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. आणि प्रबंध. आखनमध्ये शिकलेल्या मराठी मुलांपैकी कितीजणांचे प्रबंध कार्लकाकांच्या लाल पेन्सिलीखालून गेले, याची गणती नाही. त्यांचं पुस्तकबांधणीचं दुकान होतं. सर स्वतः त्यांना भेटले ते असे, की आपला प्रबंध बांधायला घेऊन गेले आणि कार्लकाकांनी पहिलं पान पाहून तो परत केला. "यात तीन चुका आहेत. दुरुस्त करून आणा, मग बांधतो." सर चिडले. मग दुरुस्त करून नेला, तर दुसऱ्या पानावरच्या चुका निघाल्या. सर म्हणतात, प्रबंध बांधून होईपर्यंत आमचं जमलं होतं.

माझा प्रबंधही त्याच टेबलावर सुधारला गेला. कार्लकाका प्रत्येक वाक्य समजावून सांगायचे, मला पुन्हा करायला लावायचे, आणि जमलं की टेबलावर बोटानं एक टकटक करायचे. मी एकदा सहज म्हणून गेले, "काका, तुम्ही शिक्षक व्हायला हवं होतं." ते हसले, "जा, जा," म्हणाले, आणि पेन्सिलीला टोक करत बसले. सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं बोलणं गिळलं.

ही पुढची हकीकत छापावी की नाही, हे मी दोघांनाही विचारलं. सर म्हणाले, "लिहा. पण मोजून लिहा." कार्लकाका म्हणाले, "लिही, पण आधी मला दाखव, तुझं शुद्धलेखन अजून कच्चं आहे." तेव्हा लिहिते.

दोन-तीन वर्षांपूर्वी मंडळाच्या शनिवारच्या मराठी शाळेत मुलांना जर्मनमधून मराठीकडे आणायला कुणीतरी हवं होतं. आपली इथली मुलं मराठीत विचारलं की जर्मनमध्ये उत्तर देतात. मग एका जर्मन माणसालाच त्यांच्यापुढे मराठी बोलायला उभं केलं तर, अशी कल्पना निघाली. कार्लकाकांनी बरेच आढेवेढे घेतले. शेवटी सरांच्या आग्रहानं ते गेले, कागदाची पुस्तकं करायला शिकवण्याच्या निमित्तानं. मुलं त्यांच्यावर लट्टू झाली. एवढा मोठा जर्मन आजोबा "दोरा सुईत ओवा" म्हणतोय म्हटल्यावर त्यांनाही मराठी बोलायला लाज वाटेनाशी झाली.

आणि मग मंडळानं, आपण परदेशात नियम पाळण्यात जर्मनांच्याही एक पाऊल पुढे असतो त्याप्रमाणे, सगळ्या शिकवणाऱ्यांना एक संदेश पाठवला. मुलांबरोबर काम करणाऱ्यानं पोलिसांकडचा चारित्र्याचा दाखला आणून द्यावा. नियम योग्यच आहे. मी आता नेकारसुल्मला नोकरी करते, तिथे शिकाऊ मुलं हाताखाली घेताना मलाही तो द्यावा लागला होता. पुढच्या शनिवारी कार्लकाका आले नाहीत. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही. सरांनी मंडळाला कळवलं, की त्यांचा गुडघा दुखतो.

मी दिवाळीला आखनला गेले तेव्हा कार्लकाका जिन्यावरून तुरुतुरु खाली आले आणि माझी बॅग उचलून वर घेऊन गेले. मी स्वयंपाकघरात सरांना विचारलं, हा कुठला गुडघा दुखतो यांचा? सर चकलीचा सोऱ्या पुसत होते. त्यांनी दार लोटलं आणि सांगितलं.

कार्लकाका खरोखरच शिक्षक होणार होते. प्रशिक्षण संपत आलं होतं, एका शाळेत वर्ग घ्यायला लागले होते. त्या काळी या देशात पुरुषानं पुरुषावर प्रेम करणं हा गुन्हा होता, कलम १७५. घरमालकिणीनं पोलिसांना कळवलं. कार्लकाकांना तुरुंगवास झाला आणि बाहेर आल्यावर कुठल्याही शाळेचं दार त्यांना उघडलं नाही. ते आपलं गाव सोडून आखनला आले आणि पुस्तकं बांधायला शिकले. कायदा पुढे सौम्य झाला, मग कलमच गेलं, पण झालेल्या शिक्षा तशाच राहिल्या. त्या रद्द करणारा कायदा यायला आणखी कितीतरी वर्षं गेली, आणि तो आला तेव्हा कार्लकाका म्हातारे झाले होते.

"म्हणजे सरकारनं माफी दिली," मी म्हटलं.

"माफी नव्हे," सर म्हणाले. त्यांचा आवाज क्वचितच चढतो, तेव्हा चढला. "माफी चुकलेल्याला देतात. इथे निकाल चुकला होता, तो रद्द केलाय. प्रत्येकाचा. अर्ज केला की तसं प्रमाणपत्र देतात. पण हा करत नाही."

चारित्र्याच्या दाखल्यावर आता त्या जुन्या शिक्षेचा मागमूसही नसणार, हे दोघांनाही माहीत होतं. प्रश्न तो नव्हता. खिडकीपाशी उभं राहून "माझ्या नावावर काही वाईट आहे का" असं विचारणं, एवढंच कार्लकाकांना या वयात होईना. आणि ज्या वर्गात उभं राहण्यासाठी ते जन्माला आले होते, तो वर्ग दुसऱ्यांदा सुटला होता. सरांना झोप लागत नव्हती ती त्यामुळे.

त्या रात्री जेवताना विषय निघालाच. म्हणजे सरांनी काढला. कार्लकाका ताटावरून न उठता म्हणाले, "चूक त्यांची. आणि अर्ज घेऊन दारात मी उभा राहायचं? अहो, मला त्यांची दया नको."

सर म्हणाले, "दया कोण देतंय? तुला तो टर्नर आठवतो?"

कार्लकाकांनी हातातला घास ताटात ठेवला.

"त्याचे शाफ्ट बरोबर होते, हे त्याला माहीत होतं. आपण गेलो नसतो तरी माहीतच होतं. तरी त्यानं पुन्हा सांगायला लावलं की नाही? तू गाडीत बसला होतास, खिडकी उघडी होती, तू ऐकलंस." सरांनी कार्लकाकांच्या पानात अळूची भाजी वाढली, न विचारता. "त्यांनी गेज बदललं आणि स्वस्थ बसले, इतकी वर्षं. आता मागे वळून सांगायला निघालेत. उशिरा निघाले, कबूल. पण पत्ता तर आपणच द्यायला हवा ना. त्यांच्याकडे नाहीये."

कार्लकाकांनी ती भाजी संपवली. मी भाताकडे पाहत बसले. मग कार्लकाका म्हणाले, "तुम्ही बरोबर येणार?"

"दाराबाहेर बसेन," सर म्हणाले.

निकाल दक्षिणेकडच्या ज्या शहरात लागला होता, तिथल्याच सरकारी वकिलांच्या कचेरीत जायचं होतं. पोस्टानं काम झालं असतं. जुने कागद तर मिळालेच नाहीत, पण कायद्यात अशी सोय आहे की माणसानं शपथेवर आपली हकीकत सांगितली तरी चालते. ती कार्लकाकांनी लिहून पाठवायला नकार दिला. जायचंच तर समोर बसून सांगेन, म्हणाले. ते शहर नेकारसुल्मपासून लांब नाही, तेव्हा दोघं आदल्या दिवशी माझ्याकडे राहिले. सकाळी कार्लकाकांनी माझ्या इस्त्रीला नावं ठेवत स्वतःचा शर्ट स्वतः कडक केला. आम्ही गेलो. दारापाशी त्यांनी आपली टोपी सरांच्या हातात दिली आणि आत गेले. दार बंद झालं.

ज्या माणसाला मी मिलिमीटरच्या हजाराव्या भागासाठी दिवसभर शांतपणे वाट पाहताना पाहिलंय, तो माणूस त्या बाकावर एक मिनिट स्थिर बसेना. उठायचे, भिंतीवरची सूचना वाचायचे, बसायचे. हातावर घड्याळ असून मला विचारायचे, "किती वेळ झाला, सावंतबाई?" टोपी या हातातून त्या हातात. मी त्यांना पाणी आणून दिलं, ते त्यांनी हातात धरलं आणि प्यायलाच विसरले.

मग दार उघडलं. एक तरुण बाई बाहेर आल्या, माझ्यापेक्षाही लहान असतील. त्यांच्या मागे कार्लकाका. त्या बाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "श्रीयुत हर्डीकर कोण?"

सर उभे राहिले.

बाई त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि स्पष्ट, खणखणीत आवाजात म्हणाल्या, "तुमच्या यजमानांविरुद्धचा तो निकाल रद्द झालेला आहे. त्यांनी कोणताही गुन्हा केलेला नव्हता." कॉरिडॉरमधली माणसं वळून पाहू लागली. बाईंनी आवाज खाली आणला नाही.

सर म्हणाले, "गेनाऊ." अगदी बरोबर, एवढंच. मग कार्लकाकांची टोपी त्यांना द्यायच्याऐवजी त्यांनी ती स्वतःच्या डोक्यावर घातली आणि बाकावर बसले. मला रडू आलं, आणि ते मी आवरलंही नाही.

आत काय झालं ते गाडीत कळलं. हकीकत सांगून झाल्यावर बाईंनी कार्लकाकांना सांगितलं होतं, की निकाल कायद्यानंच रद्द झालेला आहे, प्रमाणपत्र घरी येईल. कार्लकाका म्हणाले होते, "ते मला माहीत होतं. पण पुन्हा एकदा सांगाल का? जरा मोठ्यानं. माझा नवरा बाहेर बसलाय." त्यावर त्या बाई खुर्चीवरून उठल्या आणि दाराकडे चालू लागल्या. कुठल्याही अधिकाऱ्यासमोर कार्लकाकांनी "माझा नवरा" हे शब्द उच्चारण्याची ती पहिलीच वेळ होती. पुढच्या वसंतात ते दोघं विवाह नोंदणीच्या कचेरीतही जाऊन आले. हार मी नेले होते.

प्रमाणपत्र पोस्टानं आलं. कार्लकाकांनी त्यात एक स्वल्पविराम चुकीचा असल्याचं दाखवून दिलं आणि मगच ते फाइलला लावलं. चारित्र्याचा दाखला मागायला ते स्वतः गेले, एकटे. मंडळाच्या अध्यक्षबाईंनी तो हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला, तेव्हा कार्लकाकाच म्हणाले, "वर्ग किती वाजता?"

मंडळाबद्दलही एक सांगायला हवं. सर आणि कार्लकाका एकत्र राहतात हे आपल्यात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्यावर कुणी बोलत नव्हतं. आमंत्रणावर वर्षानुवर्षं "श्री. हर्डीकर व मित्र" असं लिहिलं जायचं. कुणाचा हेतू वाईट नव्हता, पण चूक ती चूकच. यंदा गणपतीच्या पूजेला दरवर्षी एक जोडपं बसतं त्या पाटांवर दोघांना बसवलं, आणि आमंत्रणावर दोघांची नावं नीट छापली.

कार्लकाका वर्गात परत आले त्या शनिवारी मी मुद्दाम गेले होते. एका लहानगीनं त्यांना जर्मनमध्ये विचारलं, इतके दिवस कुठे होतात? ते मराठीत म्हणाले, "सुट्टीवर होतो. फार लांबली." मग फळ्याकडे वळले, खडू हातात घेतला आणि काही लिहायच्या आधी थोडा वेळ नुसते उभे राहिले. मागच्या बाजूला मुलांच्या बुटक्या खुर्चीवर गुडघे पोटाशी घेऊन सर बसले होते. सरांना आजवर पुष्कळ सत्कार मिळाले, सगळ्यांत ते अवघडून बसलेले मी पाहिलेत. त्या खुर्चीवर मात्र अगदी आरामात होते.

सरांनी मला मोजायला शिकवलं. मी आज नेकारसुल्मच्या कारखान्यात मोजमापाचा विभाग सांभाळते, आणि माझ्या हाताखालच्या पोरापोरींना एखादं साधन चुकीचं सापडलं, की मी पहिला प्रश्न तोच विचारते, जो सरांनी विचारला होता. ते कंटाळतात. मग जाऊन फोन करतात.

सर, आपल्याला पंच्याहत्तर वर्षं पुरी झाली. गुडघे, डोळे, रक्तदाब, सगळं ठरल्या मापात राहो. आपला हात असाच स्थिर राहो आणि सायकल आखनच्या चढावर अशीच चढत राहो. शंभरीच्या ग्रंथातही मीच लिहीन, तेव्हाही आटोपशीर जमणार नाही. आणि तोवर रोज, न चुकता, स्वयंपाकघरातून आपल्याला ती हाक येत राहो. आईंनी शिकवल्याप्रमाणे, ओ लांबवून, पलीकडच्या खोलीतही ऐकू जाईल इतकी मोठ्यानं.